एअर फिल्टर आणि इनटेकमध्ये बदल करून मोटरसायकलची ताकद वाढवणे: नागपूरच्या रस्त्यांसाठी सविस्तर पद्धत

मार्च उजाडला की नागपुरात घरोघरी कूलर पुसून बाहेर काढला जातो आणि त्याच्या ताट्या बदलल्या जातात. मागच्या वर्षीच्या क्षार चढलेल्या ताट्या तशाच ठेवल्या, तर पंखा पूर्वीसारखाच फिरतो, वीजही तेवढीच जळते, पण खोलीत हवा येत नाही. आणि वैतागून ताटीच काढून टाकली, तर हवा भरपूर येते, मात्र ती बाहेरची झळ आणि धूळ सोबत घेऊन येते. मोटरसायकलच्या एअर फिल्टरचा प्रश्न याहून वेगळा नाही. इंजिनाला हवा मोकळी मिळाली पाहिजे, ती थंड आणि स्वच्छ मिळाली पाहिजे, आणि हवा जेवढी वाढेल त्या प्रमाणात पेट्रोलही वाढले पाहिजे. या तिन्ही अटी एकदम पाळल्या तरच ताकद वाढते; त्यांतली एक जरी सुटली, तरी वाढतो तो फक्त आवाज.

पुढची पद्धत १०० ते ३५० सीसीच्या, एका सिलिंडरच्या आणि रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांसाठी आहे. शर्यतीच्या गाडीचे इंजिन काही शर्यतींनंतर उघडलेच जाते, त्यामुळे तिथली मोकळीक आपल्या गाडीला लागू पडत नाही.

हवा किती लागते आणि कोणत्या वाटेने जाते

चार स्ट्रोकचे इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा हवा ओढते. १५० सीसीचे इंजिन ९,००० आरपीएमवर असताना मिनिटाला ४,५०० वेळा हवा ओढते; सिलिंडर प्रत्येक वेळी शंभर टक्के भरला असता, तर ही हवा ६७५ लिटर झाली असती. प्रत्यक्षात तो पूर्ण भरत नाही, म्हणून साधारण साडेपाचशे ते सहाशे लिटर धरावी. उन्हाळ्यात पाणी साठवायला घरी ठेवतात तसे २०० लिटरचे जवळजवळ तीन ड्रम भरतील एवढी हवा दर मिनिटाला सीटखालच्या एका लहानशा तोंडातून आत जाते.

ही हवा प्रथम फिल्टरच्या डब्याच्या तोंडातून, म्हणजे ज्याला मिस्त्री सोंड म्हणतात त्या प्लास्टिकच्या नळीतून आत येते, फिल्टरच्या मळक्या बाजूला पसरते, फिल्टर ओलांडून स्वच्छ बाजूच्या पोकळीत जाते आणि तिथून रबरी नळीने कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात, किंवा इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीमध्ये शिरते. डबा आणि नळी यांची मापे कंपनीने विचारपूर्वक ठरवलेली असतात. इंजिन हवा गचके देत ओढते, त्या गचक्यांच्या लाटा डब्यात परततात, आणि डब्याचे आकारमान व नळीची लांबी योग्य असेल तर ठरावीक आरपीएमला हीच लाट हवा आत ढकलायला मदत करते. डबाच काढून टाकला की ही मदत जाते, आणि खालचा पिकअप मरतो तो बहुधा याच कारणाने. याच डब्याला क्रँककेसच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी आणि अनेक गाड्यांत सायलेन्सरकडे ताजी हवा पाठवणाऱ्या एसएआय झडपेची नळीही जोडलेली असते, हे खोलण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

सोंडेची जागाही अशीच निवडलेली असते. ती बहुतेक गाड्यांत सीटखाली, इंजिनाच्या उष्णतेपासून दूर उघडते. हवेची घनता तिच्या तापमानावर ठरते आणि इंजिनाला उपयोगी पडते ते हवेचे वजन, तिचे लिटर नव्हेत. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. जानेवारीतल्या पहाटे १२ अंशांना इथली एक घनमीटर हवा सुमारे १.१९ किलो भरते, तर मे महिन्यातल्या दुपारी ४६ अंशांना ती सुमारे १.०७ किलोच उरते. म्हणजे इंजिनाला काहीही न करता दहा-अकरा टक्के हवा कमी मिळते. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंशांची नोंद केली आहे. अशा उन्हात टाकीखाली, इंजिनाच्या डोक्याजवळ बसवलेला उघडा फिल्टर बाहेरच्याहून आणखी गरम हवा ओढतो, आणि त्या तापमानाच्या आसपास दर १० अंशांमागे घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते. उघड्या फिल्टरने अडथळा कमी करून जे मिळवले, ते नवतप्यात एका सिग्नलवर उभे राहिल्याने गेलेले असते.

उघडा पॉड फिल्टर का बसवू नये

कॉलेजच्या दिवसांत माझ्या १५० सीसीच्या गाडीचा डबा काढून मी कार्ब्युरेटरच्या तोंडावर शंकूच्या आकाराचा पॉड फिल्टर लावला होता. रोजचा रस्ता कोराडीकडचा. तिथल्या आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांमुळे त्या भागात राखेचे ट्रक नेहमीचेच, आणि कोळशाच्या राखेत सिलिका व ॲल्युमिना असतात. दोन्ही लोखंड घासणारे. दीड वर्षात गाडीच्या सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. मिस्त्रींनी कार्ब्युरेटर खोलला तेव्हा स्लाइडच्या, म्हणजे रेस दिली की वर उचलली जाऊन हवेची वाट उघडणाऱ्या भागाच्या, कडेला करड्या रंगाचा, ग्रीससारखा लेप बसलेला होता. तो त्यांनी चिमटीत घेऊन चोळला आणि मलाही चोळायला लावला. पॉलिश पेपरवर बोट फिरवावे तसा तो खरखरत होता. “इंजिन धूळ खाऊन राहिलं ना भाऊ,” एवढेच ते बोलले. सिलिंडरला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा टाकाव्या लागल्या, आणि त्या खर्चात तीन-चार चांगले फिल्टर आले असते.

धुळीखेरीज यात आणखी एक तांत्रिक अडचण आहे. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर सीव्ही पद्धतीचा कार्ब्युरेटर असतो, म्हणजे ज्यात स्लाइड केबलने उचलली जात नाही, तर डायफ्रामखालच्या आणि वरच्या दाबातल्या फरकाने उचलली जाते. या कार्ब्युरेटरच्या तोंडाच्या कडेला हवेची बारीक छिद्रे असतात, आणि पॉडच्या रबराची आतली कड नेमकी त्यांच्यावर बसते. मग स्लाइड नीट वर जात नाही, मधल्या रेसला गाडी अडखळते, आणि मालक महिनोन्‌महिने जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक छिद्राची पितळी तोटी, बदलत बसतो. दोष जेटमध्ये नसतोच.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला नको. नरेंद्रनगरच्या पुलाखालून जाणाऱ्यांना पाण्याची पातळी किती झटकन वाढते ते माहीत आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या टाकीपर्यंत बुडाल्या. अशा गाडीला, फिल्टर कोणताही असो, बटण मारण्यापूर्वी डबा उघडून पाणी काढायचे आणि प्लग काढून इंजिन हाताने फिरवून पाहायचे. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, त्यात कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून या लेखात डबा जागेवरच राहणार आहे. जे करायचे ते त्याच्या आत आणि त्याच्या तोंडाशी.

आधी गाडी मूळ अवस्थेत आणावी

टॅपेट सेटिंग, प्लग, चेन, क्लचची फ्री प्ले, ब्रेक घासत नाही ना आणि टायरची हवा, हे सगळे आधी ठीक करावे. क्लच सरकत असेल तर कोणताही फिल्टर कामाचा नाही. कॉम्प्रेशन तपासून घेतले तर उत्तमच. त्यानंतर कंपनीचा नवा फिल्टर बसवावा, आणि मगच गाडीची मूळ ताकद मोजावी. ही पायरी गाळल्यामुळेच “नवा फिल्टर लावला आणि गाडी पळायला लागली” असे अनुभव ऐकायला मिळतात; तुंबलेला जुना काढून कोणताही नवा लावला असता तरी ती तशीच पळाली असती.

ताकद मोजायला डायनो मिळाला तर चांगलेच, पण तो नसला तरी अडत नाही. सपाट, रिकाम्या रस्त्यावर सकाळी सहा-साडेसहाला, वरच्या गिअरमध्ये ४० पासून ७० किलोमीटर वेगापर्यंत पूर्ण रेसवर किती सेकंद लागतात, ते स्पीडोमीटरसमोर बसवलेल्या मोबाइलच्या व्हिडिओवरून मोजावे. जाताना तीन आणि येताना तीन फेऱ्या करून सरासरी काढावी, कारण वारा आणि उतार दोन्ही फसवतात. त्या वेळचे तापमान, टायरची हवा, टाकीतले पेट्रोल आणि स्वाराचे कपडेसुद्धा लिहून ठेवावेत. पुढची प्रत्येक चाचणी याच रस्त्यावर आणि याच वेळेला घ्यायची. समृद्धी महामार्गाचा मोह होईल, पण तिथे दुचाकीला मनाई आहे.

अडथळा मोजायची नळी

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि ती फार थोडे लोक करतात. फिल्टर विकत घेण्यापूर्वी आपल्या गाडीत हवा किती आणि कुठे अडते आहे, हे पाण्याच्या नळीने घरच्या घरी मोजता येते.

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप दीड मीटर घ्यावी. सुमारे ७० सेंटिमीटर उंचीच्या प्लायवूडच्या पट्टीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बसवावी, दोन्ही बाजूंच्या मध्ये मोजपट्टीचा तुकडा चिकटवावा आणि खाण्याचा रंग घातलेले पाणी दोन्ही बाजूंना अर्ध्यापर्यंत भरावे. औषधाच्या दुकानातून सलाइनचा नवा सेट आणावा. त्याच्या नळीवर जो रोलर असतो, तोच आपल्याला हवा आहे. डब्याच्या स्वच्छ बाजूला एसएआयची किंवा तत्सम नळी जिथे बसते, ते निपल चाचणीपुरते मोकळे करून, सुटलेल्या नळीचे तोंड बंद करून, सलाइनची नळी तिथे लावावी. मध्ये एक लहान रिकामी बाटली घालावी, तिच्या झाकणाला दोन भोके पाडून नळ्या एम-सीलने पक्क्या कराव्यात, म्हणजे पाणी चुकून ओढले गेलेच तर ते बाटलीत थांबेल. बाटलीतून निघालेली नळी यूच्या एका टोकाला जोडावी आणि दुसरे टोक उघडे ठेवावे. त्या उघड्या टोकात कापसाचा सैल बोळा घालावा, नाहीतर धावत्या गाडीवरचा वाराच पाणी हलवतो.

इंजिन सुरू केले की पाणी थरथरेल. सलाइनचा रोलर हळूहळू आवळत न्यावा. एका जागी थरथर थांबते आणि पाणी सावकाश वर-खाली होऊ लागते, तिथे तो सोडून द्यावा. आता मागे बसणाऱ्याने पट्टी उभी धरायची आणि चालवणाऱ्याने दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस देऊन लाल रेषेपर्यंत जायचे. हवेचा प्रवाह आरपीएम आणि थ्रॉटलवर ठरतो, वेगावर नाही, त्यामुळे १५० सीसीच्या गाडीत हे काम साधारण ५५-६० च्या वेगात उरकते आणि जीव धोक्यात घालावा लागत नाही. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट हवे. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक सेंटिमीटरमध्ये लिहावा.

नागपूरच्या उंचीवर वातावरणाचा दाब जवळजवळ १० मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे १० सेंटिमीटरचा फरक हा एक टक्का दाबाचा फरक झाला, आणि एक टक्का दाब म्हणजे ढोबळमानाने एक टक्का ताकद. हे एकदा डोक्यात बसले की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

ही चाचणी चार वेळा करावी: जुन्या मळक्या फिल्टरवर, कंपनीच्या नव्या फिल्टरवर, धूळ नसलेल्या डांबरी रस्त्यावर एका फेरीपुरता फिल्टर काढून, आणि शेवटी फिल्टर परत लावून पण डब्याचे झाकण किंवा सोंड काढून. समजा, आकडे अनुक्रमे २२, १२, ९ आणि ४ सेंटिमीटर आले. मळका फिल्टर बदलल्याने १० सेंटिमीटर, म्हणजे एक टक्का परत मिळाला. नव्या फिल्टरचा स्वतःचा अडथळा १२ वजा ९, म्हणजे ३ सेंटिमीटर, आणि जगातला सगळ्यात महागडा फिल्टरही त्याहून जास्त वाचवू शकत नाही. सोंडेचा वाटा मात्र ८ सेंटिमीटर आहे. अशा गाडीत पैसे फिल्टरवर घालणे व्यर्थ आहे आणि लक्ष सोंडेकडे द्यायला हवे.

एका सिलिंडरचे इंजिन हवा थांबून थांबून ओढत असल्याने ओढण्याच्या क्षणी अडथळा सरासरीपेक्षा जास्त असतो, आणि प्रत्यक्ष फायदा या आकड्याहून काहीसा वर जाऊ शकतो. तो दुप्पट धरला तरी १४ अश्वशक्तीच्या गाडीत एकूण मिळकत पाव अश्वशक्तीच्या घरात राहते. फक्त इनटेक मोकळा करून “२० टक्के पॉवर” मिळवून देण्याची भाषा कोणी करत असेल, तर त्याच्यासमोर ही नळी ठेवावी.

फिल्टर कोणता घ्यावा

कागदी फिल्टर बारीक धूळ सगळ्यात चांगली अडवतो, आणि नागपूरसाठी माझी पहिली पसंती अजूनही त्यालाच आहे. काही कंपन्यांचे कागदी फिल्टर तेलात भिजवलेले, म्हणजे व्हिस्कस प्रकारचे असतात. ते स्पर्शाला चिकट लागतात, त्यांना हवा मारायची नसते आणि धुवायचे तर मुळीच नसते, मुदत झाली की बदलायचे.

केअँडएन, बीएमसी यांसारखे सुती जाळीचे फिल्टर मूळ डब्यात बसतील अशा आकारात मिळतात. त्यांचा अडथळा कमी असतो आणि ते धुऊन पुन्हा वापरता येतात. पण त्यांची धूळ पकडण्याची सगळी शक्ती जाळीवरच्या तेलात आहे. तेल कमी पडले तर बारीक राख सरळ पार होते. जास्त झाले तर ते थ्रॉटल बॉडी आणि तापमानाच्या सेन्सरवर चढते. ज्याला दर दोन महिन्यांनी डबा उघडून पाहण्याची सवय नाही, त्याने हा फिल्टर घेऊ नये. उमरेड रस्त्यावर कोळशाच्या ट्रकमागे रोज जाणाऱ्यानेही घेऊ नये. फोमचा फिल्टर या दोहोंच्या मधला आहे, खडबडीत रस्त्यांच्या गाड्यांना तो चांगला चालतो.

कोणताही फिल्टर बसवताना खरी परीक्षा त्याच्या कडेची असते. कड बसते त्या खोबणीत पांढऱ्या ग्रीसचा पातळ थर फिरवावा आणि झाकणाचे सगळे स्क्रू एकसारखे आवळावेत. दोनशे किलोमीटरनंतर डबा उघडून पाहावे: फिल्टरच्या आतल्या अंगाला ग्रीसवर काळी रेघ उमटली असेल, तर तिथून हवा फिल्टरला वळसा घालून जाते आहे. मग पांढऱ्या सुती फडक्याने कार्ब्युरेटरकडच्या रबरी नळीचा आतला भाग पुसावा. फडके स्वच्छ निघाले तरच फिल्टर पास.

सोंड आणि झाकण

आधी मूळ सोंडेच्या सगळ्यात अरुंद जागेचे क्षेत्रफळ काढावे. २९ मिलिमीटर तोंडाच्या कार्ब्युरेटरचे क्षेत्रफळ सुमारे ६६० चौरस मिलिमीटर होते. माझा ठोकताळा असा आहे की सोंडेचे क्षेत्रफळ याच्या दीडपट असेल, तर तिला हात लावू नये. त्याहून कमी असेल आणि नळीच्या चाचणीनेही तसेच सांगितले असेल, तरच पुढे जावे.

मूळ झाकण कधीही कापू नये. सुट्या भागांच्या दुकानातून त्याच मॉडेलचे दुसरे झाकण आणावे आणि प्रयोग त्याच्यावर करावा. भोक फिल्टरच्या मळक्या बाजूलाच, वरच्या अंगाला, मागच्या चाकाच्या चिखलापासून आणि इंजिनापासून दूर पाडावे. सुरुवात २० मिलिमीटरच्या एका भोकाने करावी, कडा घासून गुळगुळीत कराव्यात, प्लास्टिकचा भुसा पूर्ण पुसून काढावा आणि पुन्हा नळीने मोजावे. दुसऱ्या भोकाने आकडा एक सेंटिमीटरही उतरत नसेल, तर तिथेच थांबावे आणि चिकटपट्टीने ते बुजवून टाकावे. प्रत्येक भोकानंतर ४० ते ७० ची वेळही मोजावी, कारण डब्याच्या लाटांचे गणित बिघडले तर पाण्याचा आकडा सुधारतो आणि खालचा पिकअप मात्र पडतो. शहरात सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला खालचा पिकअपच रोज लागतो. डब्याच्या तळाशी पाणी निथळण्याची बूच असलेली बारीक नळी असते, ती मोकळी आहे ना तेही याच वेळी पाहावे.

पेट्रोलचे प्रमाण

हवा वाढली आणि पेट्रोल तेवढेच राहिले, तर मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण गरम जळते, आणि एअर-कूल्ड इंजिनाला मे महिन्यात ते सोसत नाही. कार्ब्युरेटरचे चार टप्पे समजून घेतले की कुठे काय बदलायचे ते कळते. आयडलपासून एक अष्टमांश रेसपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू काम करतो, पाव रेसपर्यंत स्लाइडच्या कापाचा प्रभाव असतो, पाव ते पाऊण नीडलचा, म्हणजे स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचा, आणि पाऊणच्या पुढे मेन जेटचा. फक्त फिल्टर बदलला असेल तर बहुधा काहीच बदलावे लागत नाही. झाकणाला भोक पाडले असेल तर मेन जेट एक पायरी मोठा लागू शकतो. मिकुनीचे जेट २.५ च्या पायऱ्यांनी मिळतात.

मेन जेट ठरवण्याची साधी कसोटी अशी. इंजिन पूर्ण गरम असताना तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्यावी आणि जोर लागलेला असताना रेस अगदी किंचित मागे घ्यावी. मागे घेतल्यावर गाडी उलट जोर धरत असेल, तर मेन जेट लहान आहे. पूर्ण रेसला गाडी घुरघुरत अडखळत असेल आणि प्लग काजळीने काळा होत असेल, तर तो मोठा आहे. मधल्या रेसला ओढ कमी असेल, तर नीडलची क्लिप एक खाच खाली बसवावी; त्याने नीडल वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढते. सीव्ही कार्ब्युरेटरच्या नीडलला खाचा नसतील, तर तिच्या डोक्याखाली अर्ध्या मिलिमीटरचे वॉशर घालतात. रेस सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल, तर पायलट पातळ आहे. इथे एका चुकीपासून जपावे: स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो बाहेर फिरवल्याने पेट्रोल वाढते, आणि डब्याच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्याने हवा वाढते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी.

जेट कोणत्या ऋतूत ठरवायचा, हा प्रश्न आपल्या शहरात मोठा आहे. हवेची घनता अकरा टक्क्यांनी घटते तेव्हा कार्ब्युरेटरचे मिश्रण साधारण साडेपाच टक्क्यांनी दाट होते, कारण त्यावर घनतेच्या वर्गमुळाचा परिणाम होतो. मे महिन्यात अचूक बसवलेला जेट डिसेंबरच्या पहाटे त्यामुळे पातळ पडतो. उलट हिवाळ्यात बसवलेला जेट उन्हाळ्यात थोडा दाट चालतो, थोडा ॲव्हरेज खातो, पण इंजिन थंड ठेवतो. म्हणून जेटचे काम डिसेंबर-जानेवारीत उरकावे.

पेट्रोलही बदलले आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे मिश्रण मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला सुमारे १३.५ भाग. दहा टक्के इथेनॉलच्या काळात ठरवलेला जेट त्यामुळे आज आपोआप तीन-चार टक्के पातळ चालतो. मित्राने सहा-सात वर्षांपूर्वी लावलेला जेटचा आकडा तसाच उचलू नये. शक्य असल्यास सायलेन्सरमधला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून पाहावे आणि पूर्ण रेसला लॅम्डा, म्हणजे मिळालेली हवा भागिले पेट्रोल पूर्ण जळायला लागणारी हवा, ०.८७ च्या आसपास ठेवावा. लॅम्डाच्या आकड्याला पेट्रोलमधल्या इथेनॉलचा गोंधळ बाधत नाही.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस६ गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, हवेचा दाब, तापमान आणि थ्रॉटल पाहून पेट्रोल ठरवतो आणि सावकाश चालताना ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे ते सुधारतो. पूर्ण रेसला मात्र तो आतल्या नकाशावरच चालतो. डब्यात बसणारा फिल्टर या गाड्या निमूटपणे सांभाळून घेतात. त्यापुढचा बदल केला की पॉवरट्रॉनिकसारखा जोड-ईसीयू आणि डायनोवरचे ट्यूनिंग लागते, आणि तो खर्च पाव अश्वशक्तीसाठी करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने प्रमाणित केलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केले. कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. डबा काढणे, एसएआयची नळी बुजवणे, ब्रीदर उघडा सोडणे हे करूच नये. काम झाल्यावर पीयूसी नव्याने काढावी आणि मूळ झाकण घरी जपून ठेवावे. गाडी वॉरंटीत असेल तर झाकणाला हातही लावू नये.

पुढची निगा

सुती फिल्टर त्याच्याच क्लीनरने भिजवून दहा मिनिटे ठेवावा, मग स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे, नळाच्या हलक्या धारेने धुवावा. कॉम्प्रेसरची हवा मारू नये, उन्हात ठेवू नये. सावलीत पूर्ण वाळू द्यावा. नंतर प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक रेघ सोडावी, वीस मिनिटे थांबावे आणि पांढुरके ठिपके राहिले असतील तिथेच पुन्हा तेल लावावे. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात दाबून धुवावा, कपड्यासारखा पिळू नये, कारण पिळला की तो फाटतो, आणि पेट्रोलमध्ये घालू नये, त्याने जोड सुटतात.

वर्षातून निदान तीन वेळा डबा उघडायचा: होळीनंतर, मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर आणि दिवाळीच्या आधी. प्रत्येक वेळी तीच पाण्याची नळी लावून दुसऱ्या गिअरमधला आकडा घ्यावा आणि डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह मार्करने लिहावा. नव्या फिल्टरच्या आकड्यापेक्षा तो ५ सेंटिमीटरने चढला, की किलोमीटर किती झाले ते न पाहता फिल्टर धुवावा किंवा बदलावा.